टेपचं पथ्यपाणी

आमच्या कंपनीचं 'ऑफसाइट स्टोरेज' म्हणजे डोंबिवलीतल्या आमच्या बेडरूममधलं लोखंडी कपाट. वरच्या खणात आईच्या साड्या, मधल्यात बायकोच्या, आणि खालच्यात घराचे कागद नि त्यांना खेटून बारा टेपा. दर महिन्याच्या फुल बॅकअपची, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या डेटाच्या नकलेची, एक.

ही साहेबांची आयडिया. ऑफिसला आग लागली तर बॅकअप ऑफिसातच असून काय उपयोग, हे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. मग ते बँकेत लॉकरचं भाडं विचारून आले आणि माझ्याकडे बघत बसले. "तू डोंबिवलीला राहतोस ना? पुरे तेवढं लांब." मी म्हटलं, साहेब, हल्ली सगळं क्लाउडवर असतं. त्यावर त्यांनी 2011 सालचा फेब्रुवारी काढला. सॉफ्टवेअरच्या घोळात काही लोकांची जीमेल रिकामी झाली, तेव्हा गुगलनं ती टेपवरूनच भरून दिली होती. "गुगलला टेप चालते, तुला काय धाड भरलीय?"

टेप म्हणजे डेटा साठवायच्या फितीचं कार्ट्रिज, एलटीओ जातीचं, सहाव्या पिढीतलं, म्हणून एलटीओ-6. पाव किलो पेढ्यांच्या खोक्याएवढं. आत एकच रीळ, त्यावर 846 मीटर फीत आणि तिच्यात अडीच टेराबाइट माल. फितीच्या टोकाला एक बारीकशी पिन असते. ड्राइव्ह, म्हणजे टेप वाचणारं यंत्र, ती पिन धरून फीत आपल्याकडे ओढून घेतो. कार्ट्रिज हातातून पडलं की पिन जागची हलू शकते, आणि मग ते ड्राइव्हमध्ये घालायचं धाडस करू नये. असली वस्तू मी संध्याकाळच्या कल्याण फास्टमधून आणतो, जिथे माझा चष्मासुद्धा जागेवर राहत नाही. बॅगेवर भरवसा नाही, म्हणून टेपेची डबी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. एकदा कुर्ल्याला चढलेल्या काकांनी विचारलं, "पेढे का? मुलगा की मुलगी?"

पथ्यं तर विचारू नका. उभी ठेवायची, आडवी नाही. धूळ नको, ऊन नको. जास्त दिवस ठेवायची तर 16 ते 25 अंश तापमान आणि हवेत दमटपणा 20 ते 50 टक्के. जुलैत डोंबिवलीत! आमच्याकडे तेव्हा मीठ पाझरतं आणि काडेपेटी उजाडल्यापासून रुसलेली असते. शेवटी एसी लावला. 'माझे सांधे धरतात' म्हणून जो एसी आईनं चार वर्षं घरात येऊ दिला नव्हता, तो टेपांसाठी आला. वर टेप एका हवेतून दुसऱ्या हवेत नेली, की वापरण्याआधी तिला चोवीस तास तशीच ठेवायची. मला ऑफिसात पोचल्यावर पाच मिनिटं पंख्याखाली बसू देत नाहीत!

एवढं केलं तर म्हणे ती 30 वर्षं टिकते. टिकेल हो, पण 2017 मध्ये आलेल्या एलटीओ-8 च्या ड्राइव्हला 2012 ची एलटीओ-6 वाचताच येत नाही. म्हणजे टेपांबरोबर जुना ड्राइव्हही जपायला हवा. तो कुठल्या खणात, हा विषय मी अजून घरी काढलेला नाही.

आईनं मात्र हे सगळं मनावर घेतलं. सुरुवातीला तिनं टेपांमध्ये डांबरगोळ्या टाकल्या होत्या, त्या मी काढल्या. नंतर ओल्या हातानं ती कुणाला कपाटाला शिवूही देईना. मी निर्धास्त झालो.

नोव्हेंबरात ऑडिटर आले. जूनची टेप आणा म्हणाले, रिस्टोअर करून, म्हणजे तिच्यातला डेटा परत काढून, दाखवा. टेप आणली, चोवीस तास विश्रांती दिली, ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्हवर 'मला साफ करा' म्हणणारा क्लीनिंगचा केशरी दिवा. क्लीनिंग टेप फिरवली, जूनची पुन्हा घातली, पुन्हा दिवा. क्लीनिंग टेपचं आयुष्य सगळं पन्नास फेऱ्यांचं, त्यातल्या दोन अशा गेल्या. मग टॉर्च घेऊन बघितलं. ज्या झडपेतून फीत बाहेर येते, तिच्या फटीत लाल काहीतरी. बाजूला पिवळं.

मी बाहेर जाऊन घरी फोन लावला.

"अरे, दसऱ्याला तू आपट्याची पानं आणायला गेला होतास ना, तेव्हा बाराही पाटावर मांडल्या," आई म्हणाली. "तुझं पोट आहे त्याच्यावर. एकेकीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं."

"डबीतून काढून?"

"मग? डबीची काय पूजा करायची?"

कोरड्या मऊ फडक्यानं झडप पुसली, तिसऱ्यांदा क्लीनिंग केलं, आणि जून महिना सुखरूप बाहेर आला. पण ऑडिटर शेजारीच उभे होते. त्यांचा शेरा आला, 'माध्यमावर लाल व पिवळ्या रंगाची भुकटी आढळली. उगमाबाबत लेखी खुलासा करावा.' साहेबांनी तो कागद माझ्या टेबलावर सरकवला.

रात्री मी आईला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती.

"लिही की," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी डबीवरूनच वाहीन म्हणावं."