साधीच गाडी घ्यायचीय हो

रोजच्या जाण्यायेण्याला एक साधीशी टू-व्हीलर घ्यायचीय, एवढंच मी बोललो होतो. त्यावर जे सुरू झालंय ते बघता चालत जाणं परवडलं असतं. ज्या माणसाने आजवर कधी "बरा आहेस ना" विचारलं नाही तोही खुर्ची ओढून बसतो आणि पहिला प्रश्न टाकतो, ॲव्हरेज किती देते?

आता कंपनीने सांगितलेला आकडा टेस्टमधला असतो. त्या टेस्टमध्ये मागे जाडजूड मेहुणा बसलेला नसतो, टायरमधली हवा महिनाभर कुणी बघितलेली नाही असंही नसतं. पण हे सांगायला गेलं की लोक आपल्याकडे दयेने बघतात, म्हणजे याला काहीच कळत नाही.

धाकट्या भावाचं म्हणणं, "दादा, स्कूटर काय घेतोस, बाईक घे!" कारण काय तर चाकं. यात तो बरोबर आहे हे मान्यच करायला लागेल, बाईकचं चाक सहसा 17-18 इंची आणि स्कूटरचं 10 नाहीतर 12, त्यामुळे खड्डा आला की छोटं चाक आत जाऊन बसतं आणि त्याची खबर थेट मणक्याला मिळते. मग मी विचारलं, चेन साफ करून तेल कोण घालणार? स्कूटरला बंद डब्यात बेल्ट असतो, बाईकच्या बहुतेक चेनला दर 500-700 किलोमीटरला हात काळे करावे लागतात. त्याला तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला.

आईचा मुद्दा एकच, डिकी. ब्रोशरमध्ये लिहिलंय 21 लिटर. लिटर हे माप पाण्याला ठीक आहे, हेल्मेट ओतता येत नाही. माझं फुल-फेस हेल्मेट मी सरळ, उलटं, आडवं, सगळ्या बाजूंनी घालून बघितलं, सीट दोन बोटं वरच राहिली, आणि सेल्समन म्हणाला "सर, जोरात दाबा ना".

बाईकच्या आवडीशिवाय गाडी निवडतोय म्हणून मला आधी जरा अपराधी वाटायचं. मग कळलं की 1946 ची व्हेस्पा स्कूटर ज्याने डिझाइन केली तो कोरादिनो दास्कानियो मूळचा विमानं-हेलिकॉप्टरवाला, आणि त्याला मोटरसायकली आवडायच्याच नाहीत! कपडे खराब होतात, पंक्चर झालं की चाक काढताना वैताग. म्हणून त्याने इंजिन झाकलं, पाय ठेवायला सपाट जागा दिली. आपलाच माणूस. आणि 1958 ला आलेली होंडाची सुपर कब ही छोटी मोटरसायकल, तिला तर क्लचचा दांडाच नाही, ती 2017 पर्यंत 10 कोटी बनली. एवढी बनूनही कुणाच्या खोलीत तिचं पोस्टर लावलेलं मी तरी बघितलेलं नाही.

शोरूममध्ये मात्र कुणाला या गोष्टीत रस नाही. सेल्समनने ब्लूटूथ दाखवलं, गाणं लावायचं कसं ते दाखवलं, टॉप स्पीड सांगितला (रोजच्या ट्राफिकमध्ये तो मला कुठे भेटणारे देव जाणे). मी म्हटलं, जरा डबल स्टँडला लावून दाखवता? त्याने बाह्या सरसावल्या, गाडीने नुसता हुंकार दिला, शेवटी आतून एक जण बोलावला. मग सीटची उंची. कागदावर 780 मिलिमीटर आणि 820 मध्ये फरक जेमतेम 4 सेंटिमीटरचा, पण माझ्या उंचीला एका गाडीवर पूर्ण तळवा टेकतो आणि दुसरीवर सिग्नलला बॅले करावा लागतो. माझं तर मत आहे की टेस्ट राइड रस्त्यावर घेऊच नये, पार्किंगमध्ये घ्यावी, चढावर तोंड खाली करून लावलेली गाडी बसल्या बसल्या पायांनी मागे ढकलता येते का बघावं. सरळ रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या चालतात.

शेवटी 12 इंची चाकांची, हलकी, पाय टेकणारी स्कूटर बुक केली. हेल्मेट हुकला लटकेल. भावाला फोटो पाठवला, त्याचं उत्तर आलं, "काकांची गाडी वाटतेय."

पाच मिनिटांनी दुसरा मेसेज. "शनिवारी मला लागेल हां, सामान आणायचंय, बाईकवर मावत नाही."