तळहातातला रुपया

चांगली पुस्तकं हाती पडली की माणूस घडतो म्हणतात. माझ्या हाती सातवीच्या सुट्टीत बोबोचं मॉडर्न कॉइन मॅजिक पडलं, काकाने फोर्टच्या फुटपाथवरून आणलेलं, १९५२ सालचं अमेरिकन पुस्तक, जाडजूड आणि सगळं नुसतं नाण्यांच्या हातचलाखीवर. इंग्लिश डोक्यावरून जायचं, पण चित्रं होती ना!

ह्या सगळ्याचा पाया म्हणजे क्लासिक पाम. नाणं तळहाताच्या मधोमध ठेवायचं, अंगठ्याखालची गादी आणि करंगळीखालची मांसल बाजू यांच्यात हलकं दाबून धरायचं आणि बोटं अशी सैल सोडायची की हात रिकामा वाटला पाहिजे. सवय व्हावी म्हणून दिवसभर नाणं तसंच धरून बाकीची कामं करायची. पण अमेरिकन हाफ डॉलर चांगला तीस मिलिमीटरचा, आपला रुपया त्यापुढे चिल्लर, सारखा निसटायचा. मग शोध लागला की आजीच्या लक्ष्मीपूजनातला पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया जवळपास तेवढाच आहे. घेतला गुपचूप.

तीन दिवस तो हातात घेऊन जेवलो, क्रिकेट खेळलो (कॅच सुटले, ते तसेही सुटायचेच). चौथ्या दिवशी शेजारी सत्यनारायण. गुरुजींनी तीर्थाची पळी पुढे केली आणि तेव्हा लक्षात आलं की रुपया उजव्या हातात आहे. डावा पुढे केला तर आजीने डोळे वटारले, मग काय, उजवाच उघडला. गुरुजींनी रुपया बघितला, "वा, चांदीची दक्षिणा!" म्हणाले आणि उचलून कनवटीला लावला. मी तीर्थ न घेताच घरी पळालो. आजीने तो सोडवून आणला, पण बदल्यात एक्कावन्न रुपये गेले आणि माझी सुट्टी गेली.

एरिक वाइस नावाच्या पोराने रोबेर-ऊदँ ह्या फ्रेंच जादूगाराचं आत्मचरित्र वाचलं, त्याच्यावरून स्वतःचं नाव हुडिनी ठेवलं आणि पुढे १९०८ मध्ये त्याच दैवताची बिंगं फोडायला अख्खं पुस्तक लिहिलं. लोकांना हा कृतघ्नपणा वाटतो, मला मात्र अगदी समजतं. मलाही बोबोवर एक लिहायचंय.

कारण आता पंचेचाळिशी आली, स्टेजवर एकदाही गेलो नाही, पण हात काही सुधारला नाही. कुणी सुट्टे दिले की नाणं आपोआप आत जाऊन बसतं, मला कळतसुद्धा नाही. यूपीआय आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आमच्या हिला झाला. तरी परवा नेटवर्क गेलं आणि कोथिंबिरीचे रोख द्यावे लागले, मावशींनी दहाचं नाणं परत दिलं आणि मी तिथेच उभा.

"मावशी, सुट्टे राहिले."

"दिले की दादा."

"कुठे दिले?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे बघितलं. ही जुडी पिशवीत टाकत शांतपणे म्हणाली, "अहो, हात उघडा."