'रीवॉक'बद्दल मी पाठवलेल्या मेसेजचा खुलासा

"हा रोबो-सूट घातला की मणक्याची दुखापत बरी होते आणि माणूस काठीशिवाय चालतो" हा व्हिडिओसोबतचा मेसेज परवा मीही पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे. माफ करा.

यंत्र खरं आहे. इस्रायली इंजिनिअर अमित गोफर यांच्या 'रीवॉक' नावाच्या या सूटला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने) जून २०१४ मध्ये मंजुरी दिली. त्या मंजुरीच्या अटी मी आता वाचल्या. छातीचा सातवा ते कमरेचा पाचवा मणका या भागात इजा असेल तरच ते घरी वापरता येतं, तेही प्रशिक्षण घेतलेला सोबती जवळ असताना. कुबड्या लागतातच, म्हणून हात-खांदे मजबूत हवेत. न जुळलेलं फ्रॅक्चर किंवा सांधे फार आखडलेले असतील तर ते वापरता येत नाही. पाय हलवतात त्या सूटमधल्या मोटारी. मज्जारज्जू जुळत नाही, सूट काढला की व्हीलचेअर असतेच. खुद्द गोफर यांचे पायच नव्हे, हातही अधू असल्याने त्यांना स्वतःचं हे यंत्र वापरता आलं नव्हतं.

तरीही उभं राहून समोरच्याच्या डोळ्यांत बघता येणं ही लहान गोष्ट नाही. पण "बरं होतं" हे वाचून एखादं घर कर्ज काढायला निघेल, याची मला खरंच भीती वाटते. तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथे हा खुलासाही टाका.