पाटी बॉस्टनची, मैदान मुंबईचं

मुंबईतली मैदानं देखभालीसाठी खासगी संस्थांना ‘दत्तक’ द्यावीत का, महालक्ष्मी रेसकोर्सच्या जागेचं काय करावं, हे वाद बॉस्टनमधल्या आम्हा मराठी मंडळींच्या जेवणातही रंगतात. मग कोणीतरी हमखास म्हणतं, “इथे बघा, इतिहास कसा जपतात!” मला हे अर्धंच पटतं.

बॉस्टनच्या मेट्रोच्या ऑरेंज लाइनवर रगल्स स्टेशनला उतरलं की तिथे एक पाटी दिसते. १८७१ पासून १९१४ पर्यंत या भागात साउथ एंड ग्राउंड्स हे बेसबॉलचं मैदान होतं. बॉस्टनच्या संघाने १८७२ ते १८७५ अशी सलग चार वर्षं अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा त्याचं घर हेच. १८८८ मध्ये तिथे मनोऱ्यांचा, दुमजली लाकडी स्टँड उभा राहिला. १५ मे १८९४ ला सामना चालू असतानाच उजव्या बाजूच्या बाकांखाली आग लागली. स्टँड जळालाच, पण आसपासच्या शंभराहून अधिक इमारतीही गेल्या आणि कामकरी वस्तीतली शेकडो कुटुंबं रस्त्यावर आली. विमा पुरेसा नव्हता, म्हणून नवा स्टँड एकमजलीच झाला. आज त्या जागेवर नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या वाहनतळातल्या गाड्या उभ्या राहतात.

आग लागल्यावर संघ काही काळ बंदराजवळच्या काँग्रेस स्ट्रीटच्या मैदानावर खेळला. ३० मे १८९४ ला संघाच्या बॉबी लोने एकाच सामन्यात चार होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले ते तिथेच. तेही मैदान आता राहिलेलं नाही.

ही मैदानं नेमकी कुठे होती हे आज सांगता येतं, ते इथल्या जुन्या नकाशांमुळे. विमा कंपन्यांसाठी आणि जमिनीच्या व्यवहारांसाठी त्या काळी शहराचे एकेक घर दिसेल इतके तपशीलवार नकाशे छापले जात. लाकडी बांधकाम पिवळं, विटांचं गुलाबी, आणि जमिनीच्या तुकड्यावर मालकाचं नाव. बॉस्टनच्या सार्वजनिक वाचनालयाने ते स्कॅन करून सगळ्यांना खुले केले आहेत. घरबसल्या जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवून बघता येतो. रस्त्यांची नावं बदलतात, रस्ते सरकतात, पण प्रॉव्हिडन्सकडे जाणारा लोहमार्ग तिथेच आहे, आणि त्याचा आधार धरला की बाकीचं जुळत जातं. त्याच रुळांच्या पलीकडे हंटिंग्टन अव्हेन्यूचं मैदान होतं. १९०३ ची पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अजिंक्यपदाची मालिका, तिथे सुरू झाली. आता तिथेही विद्यापीठच आहे, आणि गोलंदाज जिथून चेंडू टाकायचा त्या जागी तेव्हाचा नामांकित गोलंदाज साय यंग याचा पुतळा आहे. पुढे वाकून, हात पाठीमागे घेऊन तो समोरच्या झेलणाऱ्याची खूण बघतो आहे. समोर खेळणारं मात्र कोणी नाही.

मुंबईत अजून खेळतात. १८८१ साली पारशी आणि हिंदू खेळाडूंनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे सह्यांचा अर्ज केला होता. तक्रार अशी की गोऱ्या साहेबांच्या पोलोचे घोडे एस्प्लनेडची, म्हणजे फोर्टलगतच्या मोकळ्या पटांगणाची, जमीन उखणून टाकतात आणि मग तिथे धड क्रिकेट खेळता येत नाही. साहेबांच्या जिमखान्याचं स्वतःचं राखीव मैदान शेजारीच होतं, तिथे नेटिव्हांना मज्जाव. निकाल आधी खेळाडूंच्या बाजूने लागला, मग फिरला, पण ते मागे हटले नाहीत. त्याच एस्प्लनेडचे तुकडे म्हणजे आजची आझाद, क्रॉस आणि ओव्हल मैदानं. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीची १९८८ मधली ६६४ धावांची भागीदारी आझाद मैदानावरचीच. भर पावसात कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धाही याच मैदानांवर चालते. इतकी वर्षं शहराच्या ऐन मध्यात, कोणीही पोरगा बॅट घेऊन जाऊ शकेल अशी जागा राहिली, हे बॉस्टनच्या या जुन्या मैदानांच्या नशिबी आलं नाही. म्हणून “तिकडचं बघून शिका” म्हणणाऱ्यांना मी आधी रगल्सच्या त्या गाड्या दाखवतो.

पण मुंबईतले मित्र म्हणतात, “मैदान आहे ना, मग जुने नकाशे कशाला हवेत?” तेही मला मान्य नाही. मी लहानपणी दादरच्या ज्या मैदानात खेळलो, तिथे कोपऱ्यात आधी ‘तात्पुरती’ शेड आली. मग तिला भिंत आली, आणि मग हॉल. मैदानाची मूळ हद्द दाखवणारा मोजणीचा नकाशा रहिवाशांनी मागितला. तो हाती येईपर्यंत हॉलचं उद्घाटन उरकलं होतं. हद्द सगळ्यांना तोंडपाठ होती, पण साहेबाच्या टेबलावर तोंडी हद्द चालत नाही. मैदानं अशीच जातात, एकेक कोपरा करून. आणि एकदा गेलेला कोपरा परत आल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

बॉस्टनकडून घ्यायचंच असेल तर पाट्या आणि पुतळे नकोत, ते खुले नकाशे घ्यावेत. महाराष्ट्राचं पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, ओव्हलपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथून सुरुवात करावी. मग सिटी सर्व्हेचे नकाशे आणि मैदानांचे भाडेकरार, आधी एस्प्लनेडचे, मग दादर, परळ, माझगावचे. ते अर्ज आणि शुल्काशिवाय कोणालाही मोबाइलवर उघडता यावेत. दत्तक धोरणावर पुढच्या वेळी हरकती मागवतील तेव्हा मैदानाशेजारच्या चाळीतल्या माणसाला आपल्या हरकतीला हद्दीचा नकाशा जोडता आला पाहिजे.