गुलाबाचे ‘५ मंत्र’ किनाऱ्यावर चालत नाहीत

‘उन्हाळ्यात गुलाब जगवण्याचे ५ मंत्र’ हा मेसेज यंदाही एप्रिल लागताच फिरायला लागला. गुलाबाला दिवसातून तीनदा थोडं थोडं पाणी द्या, दुपारी पानं भिजू देऊ नका, त्याऐवजी संध्याकाळी झाड धुऊन काढा, निम्म्यावर छाटा आणि ताकदीसाठी युरिया घाला, असं त्यात आहे. आमच्या वाडीतल्या वहिनींनी हे सगळं मनापासून केलं. त्यांच्या ९ कलमांतली ७ गेली. म्हणून लिहायला बसले.

पहिलं पाण्याचं. वहिनींची एक कुंडी आम्ही उपडी केली. वरची बोटभर माती ओली, आणि खाली भुगा. मुळं सगळी वरच्या थरात गोळा झालेली. थोडं थोडं पाणी मिळालं की मुळं खाली जातच नाहीत, आणि एक दिवस पाणी चुकलं तरी झाड मान टाकतं. आपली कोकणातली जांभ्याची माती तर पाणी धरून ठेवतच नाही, मुळं खोल गेलेलीच बरी. म्हणून एक दिवसाआड किंवा दोन दिवसांनी सकाळी आळं भरून, सावकाश, मुरेल तसं पाणी द्यावं. कुंडी असेल तर बुडातून पाणी येईपर्यंत. आधी माती दोन पेरं खोल बोटाने पाहावी. दुपारी मलूल झालेलं झाड संध्याकाळी आपोआप सावरलं, तर ती तहान नसते.

शिवाय आमचं घर जयगडच्या खाडीकाठी. मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं, ते गुलाबाला सोसत नाही. पानांच्या कडा करपतात, कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. असं पाणी थोडं थोडं घातलं की पाणी उडून जातं आणि क्षार मातीत साठत राहतात. त्या दिवसांत गोड्या पाण्यात तांदूळ-भाजी धुतली की ते पाणी गुलाबासाठी बाजूला ठेवा.

आच्छादनाचं त्या मेसेजमध्ये नावही नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. घरोघरी नारळाची सोडणं पडलेली असतात, आंब्या-काजूचा पातेरा म्हणजे वाळका पाला असतो. आळ्यात वीतभर पसरा. फक्त खोडापासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर वाळवी लागते.

आता दुपारच्या थेंबांचं. थेंब भिंगासारखे होऊन पान जाळतात म्हणे. २०१० साली हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासलं होतं. गुळगुळीत पानांवर थेंबांनी डाग पडले नाहीत. लव असलेल्या पानांवर मात्र पडू शकतात. गुलाबाचं पान गुळगुळीत. तरी दुपारी पाणी घालू नयेच, कारण बरंचसं वाफ होऊन जातं.

पण त्या भीतीपोटी संध्याकाळी पानं भिजवणं हे खरं नुकसान. काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला रुजायला पान साधारण ७ तास ओलं लागतं. देशावरच्या कोरड्या हवेत पान लवकर वाळत असेल. इथे जमीन कोरडी पण हवा दमट, संध्याकाळी भिजलेलं पान सकाळपर्यंत ओलंच राहतं. वहिनींच्या झाडांची खालची पानं आधी ठिपकाळली, मग पिवळी पडून गळली. गळलेली पानं वेचून जाळा, आच्छादनात मिसळू नका.

धुवायचंच तर सकाळी धुवा, आणि कारण असेल तर. पान उलटून पाहा. बारीक लालसर ठिपके हलताना दिसले, कोळिष्टक दिसलं, तर तो लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूने गोड्या पाण्याचा जोरात फवारा दोन-तीन दिवसांआड मारला की तो बराच आटोक्यात येतो.

छाटणी? एप्रिलमध्ये अजिबात नको. खोडं उघडी पडून उन्हाने भाजतात, आणि कोवळ्या फुटीला पाणी जास्त लागतं. छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. आत्ता फक्त मेलेल्या काड्या काढा, कळ्याही खुडा. युरियाचंही तेच. तहानलेल्या मुळांना ते रासायनिक खत भाजतं, शिवाय ज्या फुटीला पाणी पुरवता येणार नाही ती फूट काढायला लावतं. पहिला चांगला पाऊस होईपर्यंत खत बंद ठेवा.

वहिनींची दोन कलमं अजून हिरवी आहेत. काल ती पडवीच्या पूर्वेला हलवली आणि पश्चिमेकडून झावळ्यांचा झाप बांधला, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारचं लागणार नाही.