भावाचं ग्रीन कार्ड ‘दोन वर्षांत’ येत नाही

मागच्या रविवारी सांगलीहून धाकट्या भावाचा मेसेज आला. वर एक फॉरवर्ड, खाली त्याची ओळ: “ताई, आता तू सिटिझन झालीस, मग कधी करायचं?”

फॉरवर्ड तुमच्याही घरच्या ग्रुपवर येऊन गेला असेल. त्यात म्हटलंय की अमेरिकन नागरिकाच्या सख्ख्या भावा-बहिणीला दोन वर्षांत ग्रीन कार्ड मिळतं, आय-१३० (नातेवाइकासाठी नागरिकाने करायचा अर्ज) मंजूर झाला की काम फत्ते, जादा फी भरली की फाइल पुढे सरकते, मुलं आपोआप सोबत येतात आणि अर्ज टाकलेला असला की टुरिस्ट व्हिसाही सहज होतो. एरवी हसून सोडून दिलं असतं. पण भावाने एका एजंटाला वीस हजार देऊन टाकलेत आणि तेरा वर्षांच्या भाच्याचा स्कॉलरशिपचा क्लास बंद केलाय. ‘तो तर तिकडेच शिकणार.’

आधी ती दोन वर्षं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. फुकट आहे, कुणीही वाचावं. भावंडांचा वर्ग एफ-४. २०२५ सालच्या बुलेटिनांत भारताच्या रकान्यात तारीख होती २००६ सालची. म्हणजे ज्यांच्या ताईने २००६ मध्ये अर्ज टाकला, त्यांचा नंबर २०२५ मध्ये लागत होता. एकोणीस वर्षं! तीसुद्धा आजवरच्या लोकांना लागलेली. आज रांगेत उभं राहणाऱ्याला तेवढीच लागतील असं कुणी लिहून देत नाही. तारखा कधी कधी मागेही जातात.

असं का, तर साऱ्या जगातल्या भावंडांसाठी वर्षाला साधारण ६५,००० व्हिसे. त्यात नवरा-बायको-मुलं धरलेली, म्हणजे एका चौकोनी कुटुंबाने चार खाल्ले. वर एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा: कुटुंब आणि नोकरी दोन्ही वर्ग मिळून २५,६२० च्या आसपास.

आता मुलं. राग येतो तो इथे. सोबत येतं ते २१ वर्षांखालचं, अविवाहित मूल, आणि हे वय बघतात ते नंबर लागेल तेव्हाचं. आज तेरा वर्षांचा भाचा एकोणीस वर्षांनी बत्तीसचा असेल. २००२ च्या एका कायद्याने थोडी सूट दिली आहे: आय-१३० जितके दिवस निर्णयाविना पडून राहिला, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. फक्त तेवढेच. मंजुरीनंतर रांगेत काढलेली वर्षं वजा होत नाहीत. म्हणजे भाच्याला बसवायचं तर अर्ज अकरा वर्षांहून जास्त काळ पडून राहायला हवा. एजंट म्हणतो, ‘लवकर मंजूर करून देतो.’ अरे बाबा, लवकर मंजूर झाला तर पोराची वजावटच गेली! बरं, वय उलटलं तर अर्जाची जुनी तारीख त्या मुलाच्या नावावर पुढे चालते का? नाही. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा भाचे-पुतण्यांच्या बाबतीत तेच सांगितलं. आई-बाप विमानात आणि पोरगं सांगलीत, असा हा ‘आपोआप सोबत’.

जादा फीचं तर नावच नको. आय-१३० ला जादा पैसे घेऊन लवकर निकाल देणारी ‘प्रीमियम’ सेवा नाहीच. अर्ज मी करायचा, भावाने नाही. एप्रिल २०२४ पासून फी ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५. सांगलीत बसलेला एजंट यात नेमकं काय पुढे सरकवणार आहे?

मंजुरी म्हणजे ‘ही दोघं भावंडं आहेत’ एवढं मान्य होणं. ते कार्ड नाही, व्हिसा नाही, काम करायची परवानगी तर नाहीच. रांगेतला नंबर ठरतो तो अर्ज पोचल्याच्या तारखेवरून, मंजुरीच्या नव्हे.

टुरिस्ट व्हिसाचं उलटंच आहे. त्याच्या अर्जात, म्हणजे डीएस-१६० मध्ये, सरळ प्रश्न असतो की तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज केलाय का. ‘हो’ लिहायचं आणि मग मी परत येणार हे मुलाखतीत पटवायचं. व्हिसा मिळत नाही असं नाही, पण सहज कुठला?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. नागरिकाचा नवरा किंवा बायको, २१ खालची अविवाहित मुलं, आणि नागरिक २१ वर्षांचा झाला असेल तर त्याचे आई-बाप, यांना वार्षिक मर्यादा नाही. त्यांचा वेळ जातो तो कागदपत्रांत, रांगेत नाही. कुणाच्या तरी आईला असं कार्ड मिळालं असणार, आणि फॉरवर्ड करणाऱ्याने आईच्या जागी भाऊ घातला.

हे सगळं फोनवर सांगितलं, तर भाऊ बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “म्हणजे अर्ज टाकायचाच नाही?” टाकायचा ना. याच महिन्यात टाकते, ६२५ डॉलर माझे. वहिनीला सांगितलंय, क्लास उद्यापासून पुन्हा सुरू कर. एजंटाकडून वीस हजार परत आणायचं काम मात्र त्याचं. पावती घेतली नव्हती म्हणतोय.