हेक्टर वेशीबाहेर का थांबला?

ग्रीक महाकाव्य किंवा शोकांतिका म्हटलं की आपल्याकडे दोन वाक्यं तयारच असतात. एक, 'गर्वाचं घर खाली'. दुसरं, 'नशिबात होतं ते झालं'. मीही परीक्षेत हेच लिहायचो, मार्कही मिळायचे. होमरच्या 'इलियड'चा, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्याचा, बाविसावा सर्ग पुन्हा वाचला आणि दोन्ही वाक्यांची जरा शरमच वाटली.

ट्रॉयचं सैन्य जीव घेऊन तटाच्या आत पळालंय. बाहेर एकटा हेक्टर, ट्रॉयचा राजपुत्र. वरून म्हातारा बाप, राजा प्रायम, केस उपटत विनवतोय. आई हेक्युबा छाती उघडी करून म्हणते, या दुधाची तरी आठवण ठेव. हा हलत नाही. होमर सुरुवातीलाच सांगून टाकतो, की घातकी नियतीने त्याला तिथे जखडून ठेवलं. झालं, आपलं उत्तर मिळालं. पण शंभरेक ओळींनंतर तोच होमर आपल्याला हेक्टरच्या मनात नेतो.

आदल्या रात्री त्याचा सोबती पॉलिडामस म्हणाला होता, ग्रीकांचा सगळ्यात जबर योद्धा अकिलीस परत लढायला उभा राहिलाय, रात्रीतच सगळ्यांना आत घेऊ. हे दोघे एकाच रात्री जन्मलेले. एक भाल्यात वरचढ, दुसरा बोलण्यात. हेक्टरने त्याला झिडकारलं, सैन्याने वाहवा केली, आणि दुसऱ्या दिवशी माणसांचा खच पडला. आता हेक्टरला वाटतं, आत गेलो तर पहिला पॉलिडामसच तोंडावर बोलेल. माझ्याहून हलका कुणीतरी म्हणेल, स्वतःच्या ताकदीवर विसंबून हेक्टरने लोक बुडवले.

याला गर्व म्हणायचं? मला तर हे आपलं नेहमीचं 'लोक काय म्हणतील' वाटतं. सहाव्या सर्गात त्याची बायको अँड्रोमाकी विनवते, तटावर थांब, मला विधवा करू नकोस. तेव्हाही तो म्हणतो, ट्रॉयच्या पुरुषांची आणि घोळदार वस्त्रांतल्या बायकांची मला लाज वाटते. बाविसाव्यात तीच ओळ, शब्दन् शब्द. पहिल्यांदा ऊर भरून येतो. दुसऱ्यांदा त्याला दंडाला धरून आत ओढावंसं वाटतं. बेडी नियतीनेच घातली असेल, पण ती या लाजेचीच घडवलेली होती.

सोफोक्लीसच्या शोकांतिकेतल्या इडिपसलाही आपण असंच गर्विष्ठांच्या रांगेत बसवतो. अ‍ॅरिस्टॉटलचा 'हमार्तिया' म्हणजे स्वभावातला दोष, असं सर्रास शिकवतात; शब्दाचा अर्थ चूक, नेम हुकणं. बापाला मारशील, आईशी लग्न करशील, असं भाकीत ऐकून, ज्यांना आईबाप समजत होता त्यांच्यावर ते ओढवू नये, म्हणून तर तो कॉरिंथकडे पाठ फिरवून निघाला! (तिठ्यावर एका म्हाताऱ्याला मारलं, तोच खरा बाप निघाला; पण तो राग मात्र इडिपसचाच.) आणि 'हुब्रिस', ज्याला आपण गर्व म्हणतो? पुढच्या काळातल्या अथेन्समध्ये तो खटला भरण्याजोगा गुन्हा होता, दुसऱ्याची जाणूनबुजून विटंबना करण्याचा. त्या कायद्याने हेक्टर सुटेल. अडकेल तो त्याचं प्रेत रथामागे फरफटवणारा अकिलीस.

असो. शेवटी अकिलीस समोर येताच हेक्टर पळतोच. तटाभोवती तीन फेऱ्या. वाटेत दोन झरे लागतात, एक ऊन, एक गार, आणि दगडी डोण्या. ग्रीक यायच्या आधी ट्रॉयच्या लेकी-सुना तिथे कपडे धुवायच्या. जीव घेण्याच्या शर्यतीत होमर धुण्याच्या जागेपाशी थांबतो! चौथ्यांदा ते झऱ्यांपाशी येतात तेव्हा कुठे देवांचा राजा झ्यूस दोघांचं मरण तोलायला सोन्याचा तराजू धरतो.

अँड्रोमाकी तेव्हा आतल्या खोलीत मागावर बसलीय. जांभळ्या कापडात फुलं विणतेय. नवरा बाहेर थांबलाय हेसुद्धा तिला कुणी सांगितलेलं नाही. तिने दासींना सांगून आंघोळीचं पाणी तापत ठेवलंय, तो लढून येईल म्हणून. तटावरून रडणं ऐकू येतं आणि तिच्या हातातला धोटा खाली पडतो.